एलाबाई, टोमॅटो आणि पार्किंगची पावती

मागे एका शनिवारी किराणा दुकानात टोमॅटो निवडत होते आणि छतातल्या स्पीकरमधून एलाबाई गात होत्या. एला फिट्झजेराल्ड, अमेरिकेच्या थोर जॅझ गायिका. मी त्यांना एलाबाईच म्हणते. हिराबाई, केसरबाई, तशा एलाबाई. गाणं अंतऱ्यासारख्या भागात शिरत होतं, तेवढ्यात ते कापून घोषणा झाली की अमुक रांगेत काहीतरी सांडलंय, पुसायला या. घोषणा संपली, गाणं मधूनच पुढे चालू. हातात टोमॅटो धरून वर बघणारी मी एकटीच.

अमेरिकेच्या बऱ्याच गोष्टी मी इथल्या नऊ वर्षांत पचवल्या. दोन आठवडे आधी विचारून घरी येणारी माणसं पचवली, कोथिंबीर विकत घ्यावी लागते हेही पचवलं. पण या लोकांनी एलाबाईंचं काय केलंय ते काही पचत नाही. कॉफीच्या दुकानात एलाबाई, हॉटेलच्या लॉबीत एलाबाई, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडले तरी एलाबाई. डिसेंबर लागला की त्यांच्या 1960 सालच्या ख्रिसमसच्या रेकॉर्डला तर अंत नाही. बाई सगळीकडे ऐकू येतात आणि ऐकत कुणीच नाही. ऑफिसात एकीला मी कौतुकानं सांगायला गेले, तर ती म्हणाली, "हो हो, डिनर म्युझिक! छान असतं."

डिनर म्युझिक! मी आठवडाभर धुसफुसत होते. आपल्याकडे असं कुणी करेल का, असं नवऱ्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "आपल्या लग्नात बिस्मिल्ला खाँ चालू होते आणि तुझे काका श्रीखंड संपल्यावरून केटररशी भांडत होते." ते वेगळं, म्हटलं. शहनाई शुभ म्हणून लावतात. शिवाय काकांचं चुकलं नव्हतं.

माझी आणि एलाबाईंची ओळख गराज सेलमध्ये झाली. इथे ह्यूस्टनजवळ शुगरलँडला शनिवारी लोक घरातली अडगळ दारात मांडून विकतात. एका ओट्यावर जड खोका होता, त्यात गर्शविन या गीतकार-संगीतकार बंधूंच्या गाण्यांचा, एलाबाईंनी गायलेला एलपींचा संच. असायला हव्यात पाच, होत्या चार. किंमत चार डॉलर. विकणारी बाई म्हणाली, "हीच ना ती ख्रिसमसवाली?" आणि वर, "हा प्लेअरही घेऊन जा बाई, मला परत आत न्यायचा कंटाळा आलाय." माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सांगीतिक देणगी मला कंटाळ्यापोटी मिळाली.

तोवर एलाबाईंचं मी ऐकलेलं म्हणजे स्कॅट, निरर्थक अक्षरं घेऊन केलेली धमाल. आपल्याला ते परकं वाटत नाही. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, 1957 मध्ये 'ईना मीना डीका' केलं ते याच जातीचं. एलाबाईंचं नाव देशभर झालं तेही 1938 मध्ये एका बडबडगीतावरून रचलेल्या गाण्यानं. तर मी तानांची वाट बघत संच लावला. 'लेडी बी गुड' हे गाणं त्यांनी 1947 मध्ये असं काही द्रुत गायलंय की तबलजीनं हात टेकावेत. या संचातही ते गाणं आहे, म्हणून मी सरसावून बसले.

आणि बाई विलंबितात सुरू झाल्या. बारा वर्षांपूर्वी जिथे बिजली पाडली, तेच गाणं, तोच गळा, आणि आता एकेक शब्द ओंजळीत धरून. तान नाही, स्कॅट नाही. सुरुवातीला चक्क एक प्रस्तावना, गाण्याआधीचं गाणं. मला वाटलं, रेकॉर्ड चुकीच्या ठिकाणी लागली.

नंतर कळलं की तो 'व्हर्स'. ही गाणी मुळात ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली, नाहीतर सिनेमांतली. बोलता बोलता पात्र गाण्याकडे वळतं, त्या वळणावरचे हे शब्द. आपल्याकडे संवाद संपता संपता ऑर्गन सूर देतो, तसलीच जागा. इथे तिला शब्द आणि चाल दिलेली. नाटकं पडली, विसरली गेली, पदं उरली. 'मानापमान' कधीही न पाहिलेल्या माणसाला त्यातली पदं पाठ असतात, तसंच. मग क्लबात आणि रेडिओवर गाणारे व्हर्स गाळायला लागले. एलाबाईंनी यांतले कितीतरी परत जागेवर आणून ठेवले.

हे सगळं नॉर्मन ग्रांझ या निर्मात्याच्या डोक्यातलं. 1956 ते 1964 मध्ये आठ संच झाले: कोल पोर्टर, रॉजर्स आणि हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्व्हिंग बर्लिन, गर्शविन बंधू, हॅरॉल्ड आर्लेन, जेरोम कर्न, जॉनी मर्सर. गर्शविनच्या एकट्या संचात 53 गाणी, वाद्यवृंद नेल्सन रिडलचा. मला आवडलं ते हे, की संच गायिकेच्या नावानं मांडलेले नाहीत, रचणाऱ्याच्या नावानं आहेत. अर्थात आम्ही सांगली आकाशवाणीवर वाढलेली माणसं. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा हे ऐकल्याशिवाय आमचं गाणं सुरूच होत नसे. यांना त्यासाठी आठ संच काढावे लागले. असो.

थोर गीतकार आयरा गर्शविन म्हणाले होते की, आमची गाणी इतकी चांगली आहेत हे एला गायली तेव्हा कळलं. त्यांचा संगीतकार भाऊ जॉर्ज 1937 मध्येच, अडतिसाव्या वर्षी गेलेला. त्याला ते ऐकायला मिळालं नाही.

आता एक जागा सांगते. मिरजेत मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिलेल्या बाईला असते तेवढीच अक्कल मला आहे, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं. कोल पोर्टरच्या संचात निरोपाचं एक गाणं आहे, 1944 च्या एका नाटकातलं. त्यात प्रेयसी म्हणते की तू जातोस तेव्हा मेजरचं मायनर होतं, म्हणजे उजळ स्वरमेळाचं उदास स्वरमेळ, किती विचित्र बदल हा! आणि नेमक्या त्याच शब्दांवर खालच्या वाद्यांतही मेजरचा मायनर होतो. मी पेटी काढली. सा पांढरी एक धरून म, ध, सा एकदम दाबले. मग फक्त धैवत कोमल केला. एक बोट पांढरीवरून शेजारच्या काळीवर. एवढंच. पण स्वयंपाकघरातून नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

कुठलीही आपली गायिका त्या जागेवर थांबली असती, मींड घेतली असती, आपल्याला खूण केली असती. मीही घेतली असती. एलाबाई काहीच करत नाहीत. शब्द स्वच्छ उच्चारतात आणि पुढे जातात. काही जाणकारांची तक्रार आहे की त्यांच्या आवाजात दुःख नाही, त्यांच्याच काळातली गायिका बिली हॉलिडे, तिच्यासारखं काळीज चिरत नाही. मला विचाराल तर घरात कुणी गेल्यावर चहा नीट गाळून देणारी एक मावशी असते ना, तसं हे गाणं आहे. चौदा-पंधराव्या वर्षी आई गेली, अनाथाश्रमात आणि सुधारगृहात राहिली, 1934 मध्ये अपोलो थिएटरच्या हौशी स्पर्धेत नाचायला म्हणून गेली आणि आयत्या वेळी घाबरून गायली, ही ती मुलगी. तिनं रडून दाखवावं ही अपेक्षाच मला उद्धटपणाची वाटते.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात आम्ही ह्यूस्टनच्या डाउनटाउनला हॉबी सेंटर या नाट्यगृहात एका नाटकाला गेलो होतो. मध्यंतरात मी फोनवर या जागेचा इतिहास वाचत बसले (नवरा पॉपकॉर्नच्या रांगेत, चिरंजीव फोन मागतायत). तर 1998 मध्ये इथे पाडलं ते ह्यूस्टनचं म्युझिक हॉल. 7 ऑक्टोबर 1955 ला तिथे एलाबाईंचा कार्यक्रम होता. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी वेगळं बसायचा तो काळ. ग्रांझनं मात्र कुणीही कुठेही बसेल असं ठणकावलेलं. दोन खेळांच्या मधे साध्या वेशातले पोलीस थेट ड्रेसिंग रूममध्ये घुसले. ट्रम्पेटवाले डिझी गिलेस्पी वगैरे मंडळी फासे टाकत होती, बाई आपल्या खात-पीत बसलेल्या. जुगाराच्या नावाखाली सगळ्यांना चौकीत नेलं, एलाबाईंनाही. दहा डॉलरचा जामीन. आणि बाईंनीच नंतर सांगितलं की तिथे पोलिसांनी त्यांची सही मागितली. परत येऊन त्या दुसऱ्या खेळात गायल्या.

पॉपकॉर्न माझ्या घशाखाली उतरेना. पहिला विचार आला, बघा, हे आम्हाला जातीवरून शिकवणार! दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. गोव्याच्या कलावंत समाजातल्या ज्या गायिकांच्या गाण्यावर आपण जीव ओवाळून टाकतो, त्यांना आपल्या आजी-पणजीनं ओटीवरून आत घेतलं असतं का? माझ्या पणजीनं नसतं घेतलं. पण सही मागितली नसती, एवढं मी तिच्या बाजूनं म्हणेन. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं हा भाग सोडा.

नाटक संपलं. पार्किंगच्या यंत्रात पावती सरकवताना मी सारखी खाली काँक्रीटकडे बघत होते, जणू काही दिसणार आहे. पैसे भरले ते दहा डॉलरहून जास्तच. गाडीत बसल्यावर नवऱ्यानं काही न विचारता ते निरोपाचं गाणं लावलं. धैवत उतरला तेव्हा आम्ही दोघंही गप्प होतो. मागच्या सीटवरून चिरंजीव म्हणाले, "आई, ही टोमॅटोच्या दुकानातली ना?"

हो म्हटलं. तीच.