तरंगणारा खडा आणि मी केलेला फॉरवर्ड

२०२३ च्या जुलैचा शेवटचा आठवडा. एका काळ्या खड्याचा व्हिडिओ माझ्याकडे आला. चुंबकावर ठेवलाय, एक कड टेकलेली आणि दुसरी हवेत. खाली लिहिलेलं की रूम टेंपरेचरला चालणारा सुपरकंडक्टर (म्हणजे विजेला होणारा अडथळा, रेझिस्टन्स, शून्य असलेला पदार्थ) सापडला, नाव एलके-९९. मी काहीही न वाचता होते नव्हते तेवढ्या ग्रुपांवर तो ढकलून दिला आणि वर "जग बदललं बरं का" असं स्वतःचं वाक्यही जोडलं. ते वाक्य लोक मला अजून ऐकवतात.

एका मित्राने फक्त एवढंच विचारलं, "रेझिस्टन्स शून्य झाल्याचा ग्राफ कुठंय?" खरं सांगतो, रागच आला. एवढी मोठी बातमी आणि ह्याला ग्राफ हवाय! पण उत्तर देता येईना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा प्रीप्रिंट, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर, उघडला. कोरियातल्या टीमने २२ जुलैला दोन पेपर टाकले होते, पदार्थ पार १२७ अंश सेल्सिअसपर्यंत सुपरकंडक्टर राहतो असा दावा. निम्मं काही कळलं नाही. पण मित्राचा प्रश्न बरोबर होता एवढं कळलं.

पुढचे दोन-तीन आठवडे मी दुसरं काही वाचलंच नसेल. लोक एलके-९९ स्वतः बनवून बघत होते, आणि सगळ्यात जास्त लाइक कोणाला, तर "भट्टी पेटवलीय, उद्या रिझल्ट टाकतो" म्हणणाऱ्यांना. उलगडा मात्र एका कंटाळवाण्या आकड्यातून झाला. पेपरमध्ये लिहिलेलं की १०४.८ अंशाला रेझिस्टन्स एकदम दहापट खाली येतो. इलिनॉय विद्यापीठातले केमिस्ट प्रशांत जैन ह्यांना तो आकडा ओळखीचा वाटला, कारण कॉपर सल्फाइड साधारण १०४ अंशालाच आपली रचना बदलतं, आणि एलके-९९ बनवायच्या रेसिपीतच तांबं आणि गंधक ढीगभर उरत होतं. म्हणजे तो दहापटीचा चमत्कार मालाचा नव्हता, भेसळीचा होता! मग स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने भेसळ टाळून शुद्ध स्फटिक वाढवले. ते निघाले जांभळे, पारदर्शक आणि चक्क इन्सुलेटर, म्हणजे वीज वाहूच न देणारे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत विषय संपला. आणि ते तरंगणं? नमुन्यात फेरोमॅग्नेटिक, म्हणजे लोखंडासारखा चुंबकीय, गुण असला तरी खडा असा अर्धवट उभा राहू शकतो, त्याला सुपरकंडक्टर लागत नाही.

तिथून माझी वाचायची पद्धतच बदलली. आता आधी ग्राफ बघतो, त्यातही उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते, कारण "शून्य" ह्या शब्दामागे बरंच काही लपतं. मग दुसऱ्या कोणी ते करून बघितलंय का ते शोधतो. चर्चेत "वॉव" म्हणणारे आणि "फ्रॉड" म्हणणारे दोघांनाही सोडून देतो, आणि जो माणूस नमुना कसा बनवला, मोजमाप कसं घेतलं असले रटाळ प्रश्न विचारतो त्याला फॉलो करतो. त्याचे फॉलोअर बहुतेक वेळा फार नसतात.

मध्ये मी दुसऱ्या टोकालाही जाऊन आलो. प्रीप्रिंट म्हणजे कचरा, छापील जर्नल म्हणजे खरं, असं सगळ्यांना सांगत सुटलो. मग २०२० च्या जुन्या गोष्टी वाचल्या आणि गप्प बसलो. लॅन्सेट ह्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये २२ मे ला पेपर आला, की मलेरियाचं औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिलेल्या कोविडच्या पेशंटांत मृत्यू जास्त; ६७१ हॉस्पिटलं, ९६ हजार पेशंट, पीअर रिव्ह्यू (इतर तज्ज्ञांची तपासणी) वगैरे सगळं झालेलं. त्यावरून डब्ल्यूएचओने आपल्या चाचणीतला तो भाग थांबवला सुद्धा. इकडे लोकांनी आकडे जुळवून बघितले तर पेपरमधले ऑस्ट्रेलियातले मृत्यू देशाच्या अधिकृत संख्येपेक्षा जास्त! मूळ डेटा तपासायला मिळेना आणि ४ जूनला पेपर मागे घेतला. त्याच जून महिन्यात कोविडवरच्या औषधांच्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या चाचणीचा डेक्सामेथासोन ह्या स्टेरॉइडवरचा निकाल आला, आधी प्रेस रिलीज, मग प्रीप्रिंट, म्हणजे माझ्या नियमाने कचराच. तर तो टिकला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि ते औषध जगभर वापरलं गेलं. फरक कुठे छापलं ह्याचा नव्हताच. एकीकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रँडम गट पाडून आधीच ठरवून केलेली चाचणी होती, दुसरीकडे कोणी डोळ्यांनी न पाहिलेला डेटा.

सरकारची विज्ञानाबद्दलची पॉलिसी समजायला मात्र ह्याहून जास्त वेळ लागला, आणि अजूनही मी तिथे चाचपडतोच. कारण तिथे ग्राफ नसतो, घोषणा असते. अमेरिकेचा चिप्स अँड सायन्स कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये आला तेव्हा मी खूष, संशोधनाला सरकारी पैसे देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनला पाच वर्षांत ८१ अब्ज डॉलर! दोन वर्षांनी सहज बघितलं तर २०२४ साठी हातात पडलेले सुमारे ९ अब्ज, तेही आदल्या वर्षीपेक्षा कमी. मला वाटलं कोणीतरी खाल्ले. मग एकाने समजावलं की बाबा, कायद्यात लिहिलेली रक्कम ही फक्त मुभा असते, पैसे दरवर्षी वेगळ्या मंजुरीने सुटतात. एवढी साधी गोष्ट, पण बातमीत कुठेच नव्हती, किंवा असेल शेवटच्या ओळीत, आणि शेवटच्या ओळीपर्यंत मी कधी गेलोच नव्हतो.

आता एक फाइल ठेवलीय. कोणतीही घोषणा दिसली की तारीख, जाहीर रक्कम, आणि शेजारी प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेसाठी मोकळा रकाना. दर सहा महिन्यांनी उघडतो. भरलेले रकाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.