"बरंय" च्या पलीकडे

आज आईची केमो होती. डॉक्टरांनी विचारलं की ही नेहमी "बरंय" म्हणून मोकळी, पण आज सिस्टरने मराठी फॉर्म दिला, मळमळ, थकवा, झोप, केमोमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्या, सगळ्याला ० ते १० मार्क द्यायचे, तर हिने मुंग्यांपुढे ८ लिहिले! ब्लाऊजचे हुक लागत नाहीत म्हणे आणि आम्हाला घरात पत्ताच नाही. डॉक्टरांनी लगेच डोस कमी केला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ पेशंटवर अभ्यास झालाय, २०१७ ला निकाल आला, जे आपला त्रास कॉम्प्युटरवर स्वतः कळवायचे ते बाकीच्यांपेक्षा साधारण ५ महिने जास्त जगले, बहुधा त्रास वाढला की नर्सला लगेच कळायचं म्हणून. नवीन औषध नाही, नुसतं नीट विचारणं! मग हे प्रत्येक केमो वॉर्डात का नाही? तोवर घरीच वहीत रोज लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.