काजळीतला उजेड

तीन मिनिटांत बीकरमधलं पाणी बिनरंगी ते थेट उकळलेल्या चहासारखं तपकिरी. सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, आणि युरिया. दोन्ही पाण्यात विरघळवून प्रयोगशाळेतल्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं होतं. (घरच्या मायक्रोवेव्हमध्ये नाही, आई!) दिवे घालवून ३६५ नॅनोमीटरची यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाची, टॉर्च मारली, आणि तो कळकट काढा निळा उजळला. हेच कार्बन डॉट्स. कार्बनचे १० नॅनोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापेक्षा, लहान कण, २००४ साली नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) शुद्ध करताना अमेरिकेत अपघातानेच सापडलेले.

घरातला पांढरा एलईडी खरं तर निळा असतो. वर पिवळ्या फॉस्फरचा थर, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा पदार्थ. निळा नि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. त्या फॉस्फरला यिट्रियम, सेरियम हे धातू लागतात, म्हणजे खाणी आल्या. कार्बनला ती भानगड नाही, म्हणून फॉस्फरच्या जागी हे डॉट्स लावून पांढरा उजेड काढायचा माझा खटाटोप.

मग अडतं कुठे? वाळवलं की! द्रावण सुकवून पूड केली आणि उजेड गायब. कण एकमेकांना चिकटले की घेतलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जिरते. आठवडाभर मी नुसती तपकिरी पूड खरवडत होते. शेवटी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पारदर्शक प्लास्टिकमध्ये कण विखरून पातळ फिल्म ओतली, तेव्हा कुठे ती चमकली.

यूव्ही एलईडीवर ती फिल्म ठेवून आईला व्हिडिओ कॉल लावला. "पांढरा कुठे? मासळीबाजारातल्या ट्यूबसारखा निळसर दिसतोय." बरोबर आहे तिचं. लाल कमी पडतोय. सोमवारपासून लाल उजेड देणाऱ्या डॉट्सच्या मागे.