टीव्हीच्या कपाटात शिलाई मशीन

गेल्या वर्षी मार्चमध्ये नागपूरच्या महाल भागातले आमचे जुने घर रिकामे केले, तेव्हा प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये काय न्यायचे याची यादी आईने स्वतःच्या हाताने लिहिली होती. त्या यादीत देवघर आणि शिलाई मशीन यांच्या लगेच खाली टीव्हीचे कपाट होते. घरातल्या बाकी कोणालाही ते नको होते. चार फूट रुंद, साडेचार फूट उंच आणि बावीस इंच खोल असे हे सागवानी कपाट नव्या दिवाणखान्यातली निम्मी भिंत अडवणार होते, आणि टीव्ही तर केव्हाच भिंतीवर गेला होता. कबाडीवाल्याने त्याचे आठशे रुपये सांगितले. आईने त्याला पाणी दिले आणि परत पाठवले.

हे कपाट बाबांनी १९८८ मध्ये करून घेतले. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वर्षी सुरू झाले होते, परंतु आमच्याकडे रंगीत संच यायला आणखी सहा वर्षे लागली. एक सुतार अकरा दिवस अंगणात बसून हे कपाट बनवत होते. उजवीकडे टीव्हीचा तीस इंच रुंद कप्पा आणि त्याला दोन दारे, डावीकडे काचेची अरुंद शोकेस, आणि टीव्हीच्या फळीखाली व्हीसीआरचा कप्पा व दोन खण, अशी त्याची रचना होती. व्हीसीआर आमच्याकडे कधीच आला नाही; त्या कप्प्यात इस्त्रीचे कपडे राहिले.

त्याची खोली बावीस इंच का, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे पुढे काय करायचे ते ठरवता येत नाही, असे मला आता वाटते. जुन्या टीव्हीतील काचेच्या नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनचा झोत निघत असे, आणि तो पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत वळवण्यासाठी मागे पुरेसे अंतर ठेवावे लागे. म्हणून पडदा मोठा झाला की नळीही लांब होई. नळीच्या आत निर्वात पोकळी असल्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब सोसेल इतकी जाड काच वापरावी लागे आणि संचाचे वजन सहज वीस-पंचवीस किलो भरे. त्या सुतारांनी कपाट बांधले ते या वजनासाठी. टीव्हीची फळी त्यांनी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, जाडीची घेतली, तिच्याखाली मधोमध एक आडवा दांडा दिला, आणि मागच्या प्लायवूडला संचाची उष्णता बाहेर पडावी म्हणून तीन रांगांत गोल भोके पाडली.

माझा पहिला विचार पुस्तकांच्या कपाटाचा होता आणि तो चुकीचा होता. बहुतेक मराठी पुस्तके सात इंचांपेक्षा रुंद नसतात. बावीस इंच खोल कप्प्यात ती लावली की मागे फूटभर अंधारी जागा उरते. दुसरी रांग लावली, तर मागची पुस्तके कोणी काढत नाही आणि तिथे कसर लागते. मागची बाजू पुढे सरकवून खोली कमी करून देण्याची तयारी एका फर्निचरवाल्याने दाखवली होती. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या अखंड फळ्या कापाव्या लागल्या असत्या. त्यांवर आडवी करवत चालवायला माझे मन झाले नाही, आणि आता वाटते की ते बरेच झाले. जी वस्तू खोली आणि वजन यांसाठी घडवली आहे, तिला घरातली दुसरी एखादी खोल आणि जड वस्तूच शोभते. ती वस्तू आमच्याकडे गॅलरीत चादरीखाली झाकून ठेवलेली होती.

आईचे शिलाई मशीन कपाटापेक्षाही जुने आहे: काळ्या रंगाचे, सोनेरी नक्षी झिजून गेलेले, लोखंडी पायट्याचे. त्यावर तिने आम्हा भावंडांचे शाळेचे गणवेश शिवले, अर्ध्या गल्लीचे ब्लाऊज शिवले आणि जुन्या नऊवारींच्या गोधड्या शिवल्या. गुडघे दुखू लागल्यापासून तिचे पायटा चालवणे बंद झाले होते. मशीनच्या मागे छोटी मोटार बसवून तिचा पट्टा चाकाला जोडणे अवघड नव्हते. तो अर्ध्या तासाचा उद्योग आहे. प्रश्न जागेचा होता. पायट्यासह मशीन ठेवायला फ्लॅटमध्ये कोपरा नव्हता, आणि पायटा काढून नुसते मशीन टेबलावर ठेवावे, तर त्याला खाली लाकडी बैठक लागते व शिवण्याची पातळी टेबलापेक्षा तीन-चार इंच वर जाते. खांदे उचलून शिवावे लागले की पाठ अर्ध्या तासात बोलू लागते.

लकडगंजातल्या लाकडाच्या बाजारात विचारपूस करून मी एका वयस्क सुतारांना घरी आणले. त्यांनी आधी कपाटाचे दार उघडून आतल्या कोपऱ्यावर नखाने ओढून पाहिले, मग वाकून फळीच्या खालच्या बाजूचा वास घेतला.

"बल्लारशाकडचा माल हाय हा ताई," ते म्हणाले. "आता असा सुका साग भेटत नाही. याले मोडू नोका."

मोडायचे नाही, यात मशीन बसवायचे आहे, असे मी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी आईला स्टुलावर बसवले, तिचे कोपर काटकोनात ठेवायला सांगितले आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घेतले. टीव्हीची फळी जमिनीपासून चोवीस इंचांवर होती, कारण त्या काळी आम्ही सतरंजीवर बसून टीव्ही पाहत असू. आईला शिवण्यासाठी पातळी हवी होती एकोणतीस इंचांची. म्हणजे टीव्हीच्या कप्प्यातच, जुन्या फळीच्या वर, बाहेर ओढता येणारी दुसरी फळी बसवायची आणि तिच्यात मशीन बुडवायचे. अशा मशीनचा तळ साधारण साडेचौदा इंच लांब आणि सात इंच रुंद असतो. तेवढा चौकोन नव्या फळीत कापला की तळ फळीच्या पातळीत येतो आणि त्याच्या खालचे दांडे व शटल दोन फळ्यांमधल्या सव्वाचार इंचांच्या जागेत राहतात. टीव्हीसाठी ठरवलेली उंची आणि आईचे कोपर यांच्यातले हे अंतर इतके नेमके निघाले की मी टेप दोनदा लावून पाहिली.

नवी फळी बाहेरून आणावी लागली नाही. व्हीसीआरच्या कप्प्याची फळी काढली. ती अस्सल सागवानी, दोन पाट जोडलेली होती. दारे चौकटीच्या आत बसणारी असल्यामुळे सरकती फळी त्यांच्या बिजागऱ्यांना अडली असती, म्हणून दोन्ही बाजूंना आधी अर्ध्या इंचाच्या पट्ट्या ठोकल्या, त्यांवर वीस इंची टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे फळी आत-बाहेर सरकवणारे धातूचे रूळ, बसवले, आणि चॅनलला लागणारी चार-चार सूत जागा सोडून फळी बरोबर अठ्ठावीस इंचांची कापली. फळीच्या लाकडाचे रेषे डावीकडून उजवीकडे जातील याकडे सुतारकाकांचे बारीक लक्ष होते. लाकूड पावसाळ्यात रेषांना आडवे फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही; रेषे उभे ठेवले असते, तर ऑगस्टमध्ये फळी दोन्ही चॅनलांच्या मध्ये आवळून बसली असती.

फळी बसली, मशीन बसले, आईने पहिली शिवण घातली आणि आमच्या सर्वांचे चेहरे उतरले. पूर्ण बाहेर ओढलेली फळी मशीनच्या वेगाबरोबर थरथरत होती आणि टाके कुठे लांब, कुठे आखूड पडत होते. चॅनल वजन पेलते, पण थरथर थांबवत नाही, हे मला आधी कळायला हवे होते. दुसऱ्या दिवशी फळीच्या पुढच्या कडेखाली बिजागरीवर घडी होणारा एक पाय बसवला. फळी ओढली की तो खाली उतरतो आणि जमिनीवर टेकतो, फळी आत सारताना वर मुडपून तळाला लागतो. पायाच्या टोकाला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा आहे. थरथर थांबली.

दुसरी काळजी मात्र पायावर सोडली नाही. बाहेर आलेल्या फळीवर लोखंडी मशीन आणि त्यावर टेकलेले हात, एवढ्या वजनाने कपाट पुढे झुकू शकते, विशेषतः कोणी पाय उतरवायला विसरले तर. म्हणून कपाटाची मागची चौकट दोन लोखंडी अँगलने भिंतीला पक्की केली. घरात लहान मुले येत असतील, तर जुन्या उंच फर्निचरच्या बाबतीत हे काम सर्वांत आधी करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

कपाटाच्या माथ्यावरचा सनमायका कडेने सुटला होता. ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवली की खालचा डिंक मऊ होतो आणि पातळ पटाशी सारून सनमायका हळूहळू उचलता येतो. घाई केली की खालच्या प्लायवूडचा थर सोबत निघतो, आणि एका कोपऱ्यात माझ्या हातून तसे झाले. बाकीच्या भागाला कोणते पॉलिश आहे हे ओळखायला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दाराच्या आतल्या बाजूला चोळला. कापूस चिकट आणि तांबूस झाला, म्हणजे ते लाखेचे पॉलिश होते, आणि ते खरवडून काढायची गरज नव्हती. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीच्या पुरचुंडीने पातळ हात देत गेले की जुना थर नव्या थरात मिसळून जातो. आपल्या पूर्व विदर्भात पळसावर लाखेचे किडे पोसतात. गावाकडे चैत्रात पाहिलेल्या त्या खरबरीत फांद्या मला पॉलिश करताना पुन्हा आठवल्या. हे काम मेमध्येच उरकले, कारण दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी छटा धरते. कूलर सुरू असलेल्या खोलीतही ते करू नये. आम्ही दुपारी कूलर बंद ठेवून घाम पुसत काम केले.

शोकेसच्या मागच्या एका पट्टीत टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला. सागाला कीड लागत नाही असे सर्रास म्हटले जाते, ते खोडाच्या गाभ्यातल्या तांबूस लाकडापुरते खरे आहे; बाहेरच्या फिकट लाकडाला भुंगा लागतो. ती पट्टी बदलली.

मागच्या प्लायवूडची गोल भोके बुजवावीत असे सुतारकाकांना वाटत होते. मी ती राहू दिली. मोटारीची आणि पायाने दाबायच्या रेग्युलेटरची वायर त्यांतल्याच एका भोकातून गेली आहे, आणि उरलेल्या भोकांमुळे कापडांचे गठ्ठे पावसाळ्यात कुबट होत नाहीत. मशीनखाली तेल ठिबकते, त्यासाठी जुन्या फळीवर तुपाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला आहे. शोकेसमध्ये पूर्वी बाबांचे कॅरमचे चषक असत. आता तिथे दोऱ्यांची रिळे आहेत, रंगांप्रमाणे लावलेली, आणि चषक सर्वांत वरच्या काचेवर गेले आहेत. अडीच दिवसांची मजुरी, चॅनल, बिजागऱ्या, मोटार आणि पॉलिश धरून खर्च सात हजारांच्या आत राहिला.

ऑगस्टमध्ये दारे अडकली. ती उभ्या रेषांची असल्यामुळे रुंदीत फुगली आणि मधल्या कडा एकमेकींना घासू लागल्या. सुतारकाका आले, त्यांनी एकच दार बिजागरीतून काढले आणि कडेवरून रंधा तीनदा फिरवला. निघालेली साल इतकी पातळ होती की त्यातून खिडकी दिसत होती. मी अजून थोडे घ्या म्हटले, कारण दार अजूनही जरा कडक लागत होते.

"बस झालं," ते म्हणाले. "अजून घेतलं तर उन्हायात मधातून हात जाईन. नवतप्यात फट दिसनच. तवा मले बोलवू नोका."

सध्या नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. दुपारी बंद दारांच्या मधल्या फटीतून मशीनच्या चाकाची कड दिसते. आईने परवा तीत आगपेटीची काडी घालून पाहिली. ती अडखळत गेली, सुतारकाकांचा हिशेब बरोबर असल्याचे तिने मला सांगितले, आणि दारे उघडून फळी ओढली. शेजारच्या बाळाच्या बारशाला आठ दिवस उरले आहेत, आणि तिच्या जुन्या इरकलीचे दुपटे अजून निम्मेच शिवून झाले आहे.