शेवटी रद्दीतच ना?

प्रदर्शनात माझ्या हातानं केलेल्या शुभेच्छा कार्डांच्या टेबलापाशी बायका थांबतात. कार्ड उचलतात, वरच्या फुलावरून बोट फिरवतात, उघडून बघतात, उलटं करून किंमत वाचतात. मग तो प्रश्न येतो. "छान आहे हो वहिनी, पण एवढं करून शेवटी रद्दीतच ना?" नणंद विचारते, गल्लीतली पोरं विचारतात. मागच्या दिवाळीत तुम्हीही विचारलंत, आणि विचारत विचारत एक घेतलंतही. तेव्हा गर्दी होती, मी सुट्टे शोधत होते, नुसती हसले. आता नीट सांगते.

तर पहिली गोष्ट. रद्दीत जात नाही. रद्दीवाला घेत नाही.

चेष्टा नाही. दोन वर्षांमागं घर आवरताना फसलेल्या कार्डांची एक पिशवी निघाली, ती वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवली. आमच्या रद्दीवाल्यानं त्यातलं एक काढलं, वाकवून बघितलं, वरचा मोती नखानं खरवडला आणि पिशवी माझ्याकडं परत सरकवली. "ताई, ह्यात फोम हाय, मणी हायत, चमकी हाय. ह्यो कागद न्हवं." अकरा वर्षं छापखान्यात काढलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. पण त्याचं चुकत नव्हतं. रद्दीचा पुढं पाण्यात लगदा करायचा असतो, आणि प्लॅस्टिकचा मणी काही लगद्यात विरघळत नाही.

छापखान्याचं सांगायचं राहिलं. सांगलीत खणभागातल्या एका छापखान्यात मी घड्या घालायला आणि बाइंडिंगला होते. लग्नसराईत पत्रिकांचे ढीग पडायचे. पहिली पत्रिका गणपतीला, त्यामुळं प्रत्येक गिऱ्हाईकाला ती एक तरी आज संध्याकाळपर्यंत हवीच असायची. मोठ्या शीटमधून पत्रिका कापल्या की कडेला पट्ट्या उरायच्या. मोतिया चकाकीच्या, मखमली, हळदीच्या रंगाच्या, चार बोटं रुंद, दीड हात लांब. मालक म्हणायचे, न्या हव्या तर. मी नेत गेले. आधी लेकीच्या शाळेसाठी, मग भाचीच्या बारशाला एक कार्ड केलं, मग कुणीतरी पैसे देऊ केले. बाकी काही मोठी कहाणी नाही.

कागद मात्र तिथंच कळला. कापडासारखी कागदालाही उभी-आडवी बाजू असते. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं लोळतात. त्या दिशेनं घडी घातली तर ती सुरीसारखी बसते. आडवी घातली तर कणा फाटतो आणि रंगीत कागदाच्या पोटातला पांढरा दिसायला लागतो. दिशा ओळखायची तर तुकडा दोन्ही हातांत धरून हलका वाकवायचा, आधी असा, मग तसा. ज्या बाजूला तो मुकाट वाकतो, त्याच बाजूनं घडी. पोरींना शिकवताना मी पहिला अर्धा तास फक्त कागद वाकवायला लावते. त्यांना कंटाळा येतो. त्यांना थेट मोती लावायचे असतात.

माझ्या कार्डाचा पाया ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरभर कागद ३०० ग्रॅम भरतो असा. झेरॉक्सचा कागद ७०-८० चा असतो, त्यावरून जाडीचा अंदाज येईल. ए-फोर शीट मधोमध कापली की दोन पाये निघतात, आणि प्रत्येकाची घडी घातली की १०५ बाय १४८ मि.मी. चं कार्ड होतं. घडीच्या रेषेवर आधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलनं दाबून ओढायचं, मग दुमडायचं. बाजारात यासाठी हाडाची पट्टी मिळते. माझ्याकडं आहे, पण हात रिफिलकडंच जातो.

त्यावर थर. पहिला थर पायापेक्षा चारी बाजूंनी ३ मि.मी. आत. म्हणजे ९९ बाय १४२. त्यावरचा आणखी २ मि.मी. आत. लोक म्हणतात, अंदाजानं काप की, कोण मोजतंय? डोळा मोजतो. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला चार झाले तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण हातातलं कार्ड तो खाली ठेवतो. चुकलेली कडा मी कधी लेसखाली लपवली नाही असं नाही. लपवली आहे.

वरच्या थराखाली फोम टेपचे तुकडे लावायचे, एक मि.मी. जाडीचे. वरचा कागद एवढासा उचलला की त्याच्याखाली बारीक सावली पडते, आणि लोक ज्याला उठाव म्हणतात तो त्या सावलीचा असतो. दोन मि.मी. लावला तर सावली जाड होते, कार्ड खोक्यासारखं दिसतं आणि पाकिटात मावत नाही. फोम कापताना कात्री चिकट होते. पात्याला खोबरेल तेलाचं बोट लावायचं आणि पुसून घ्यायचं. पुसायला विसरलात तर पुढच्या कागदावर तेलाचा डाग. हे मला कसं माहीत, ते विचारू नका.

आणखी एक. खालचा थर वरच्याखाली झाकलाच जाणार असतो, दिसते ती फक्त कडेची पट्टी. म्हणून त्याचा मधला भाग मी कापून काढते, चौकटीसारखा. तो तुकडा पुढं फुलांना होतो, हा एक फायदा. खरा फायदा पोस्टात कळतो. पाया एकटाच नऊ ग्रॅमच्या वर जातो. दोन थर, आतलं पान, पाकीट धरलं की काटा २० ग्रॅमच्या पुढं सरकतो, आणि तिथं तिकीट वाढतं. पोकळ केलं की बऱ्याचदा अलीकडं राहतं.

फुलाला मात्र वेळ जातो. झेंडूचं एक फूल म्हणजे लहानमोठ्या पाच चकत्या. प्रत्येकीच्या कडेला कात्रीनं दाते पाडायचे, मग जुन्या स्पंजच्या चपलेच्या तळव्यावर ठेवून विणकामाच्या सुईचं गोल डोकं मधोमध फिरवायचं. कागद आपोआप वाटीसारखा वर येतो. पाचही वाट्या एकात एक बसवायच्या, दाते एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. मध्ये फेविकॉलचा मोहरीएवढा थेंब. मोहरीएवढाच. हरभऱ्याएवढा झाला की कागद पाणी पितो आणि वाकतो, आणि सांगलीच्या जुलैत तर कागद आधीच हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो. रात्रभर शहाबादी फरशीच्या तुकड्याखाली कार्ड ठेवायचं, फूल सकाळी लावायचं. म्हणून एका कार्डाला दोन दिवस. काम तीन तासांचं, वाळण्याचे दोन दिवस.

टिकल्या, कुंदन, अर्धे मोती, गोटा, साटीन रिबीन, सगळं माझ्या डब्यात आहे. आणि त्यातलं जेवढं कमी वापरता येईल तेवढं मी कमी वापरते, रद्दीवाला बोलला तेव्हापासून जरा जास्तच. फोमच्या जागी मिठाईच्या जाड खोक्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवल्या तरी सावली तेवढीच पडते. मोत्याच्या जागी कागदाची ३ मि.मी. ची पट्टी सुईभोवती घट्ट गुंडाळली की छान टपोरा ठिपका होतो. गिऱ्हाइकांना मोती आवडतात हे खरंच. एका बाईनं कार्डावर ४१ मोती लावून घेतले होते, तिच्या नवऱ्याच्या वयाएवढे. लावले. वाईट दिसलं. तिला फार आवडलं.

सजावटीवरून संक्रांत आठवली. आमच्या लहानपणी संक्रांतीला पोस्टानं छोटी भेटकार्डं यायची आणि त्यात बटर पेपरच्या पुडीत चिमूटभर हलवा असायचा. पोस्टमनच्या पिशवीतून येईपर्यंत त्याचा निम्मा भुगा झालेला असायचा. आम्ही भावंडं तो भुगा बोटानं टिपून खायचो. ते डोक्यात धरून एका जानेवारीत मी काळ्या कार्डशीटवर खराखुरा काटेरी हलवा चिकटवला. हलव्याच्या दागिन्यांसारखा हार केला, मध्ये कागदी पतंग. काळ्यावर पांढरा काटा काय दिसतो म्हणून सांगू! वीस कार्डं केली, कपाटात ठेवली, प्रदर्शनाला चार दिवस होते. चौथ्या दिवशी कपाट उघडलं तर हाराच्या जागी मुंग्यांची रांग, आणि रांगही हाराच्याच आकारात, इमानदारीनं. तेव्हापासून हलवा वेगळ्या पुडीत, दोऱ्यानं बांधून.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आत आहे, कार्डाच्या आत.

चकाकीच्या कागदावर पेन नीट चालत नाही. जेल पेनची शाई तर वर तरंगत राहते आणि हात लागला की फासते. म्हणून मी आत मॅपलिथोचं, म्हणजे वह्या-पुस्तकांच्या बिनचकाकीच्या कागदाचं, पातळ, साधं पांढरं पान घालते आणि फक्त घडीपाशी चिकटवते. त्यावर काही छापत नाही, चारोळी नाही, 'हार्दिक शुभेच्छा' सुद्धा नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "वहिनी, तुमचं अक्षर सुरेख आहे, तुम्हीच लिहा की दोन ओळी." मी लिहीत नाही. यावरून दोन-तीन गिऱ्हाइकं गेलीही. एक जण म्हणाला, दीडशे रुपये घेता आणि लिहून देत नाही, मग विकता काय? मी म्हटलं, कोरं पान. तो काही खूश झाला नाही.

हे डोक्यात बसलं २०१९ च्या पुरानंतर. ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकराला सांगायला नको. मामांचं घर गावभागात. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो. गाद्या, धान्य, फोटो, सगळं गच्चीवर. मामींनी कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, त्यात रेशनकार्ड, एलआयसीची कागदं, आणि मी त्यांच्या साठीला केलेलं कार्ड. तेव्हा मी फार उत्साहात होते, पाच थर, वर गुलाब, कडेला गोटा. पाण्यानं फेविकॉल सुटला होता. थर एकेक करून वेगळे झाले होते, पिकल्या पानांसारखे. प्रत्येकाच्या पाठीवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा, ३ मि.मी., २ मि.मी. गुलाबाचा लगदा. मुखपृष्ठावर सुवाच्य अक्षरात, शाईच्या पेनानं, मी लिहिलेलं 'जीवेत् शरदः शतम्' धुऊन निळा डाग झाला होता.

आत मामांनी बॉलपेननं लिहिलेलं मात्र जसंच्या तसं. बॉलपेनची शाई तेलावरची असते, पाण्याला दाद देत नाही. तोवर मामांनी काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं. लिहिलं होतं, 'दूधवाल्याचे पैसे दिले आहेत. वाढदिवसाच्या शुभेच्छा.' खाली सही, बँकेच्या चेकवर करतात तशी, दोन रेघांसकट.

मामींनी ते पान दोरीवर, ब्लाउजपीस आणि पंचाच्या मधोमध, चिमट्यानं लावलं. मी म्हटलं, मामी, तुम्हाला नवीन करून देते, हे गेलं सगळं. त्या म्हणाल्या, "कुठं काय गेलं? हे काय इथं आहे." मामा खाली बसून भांड्यांचा गाळ खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "दूधवाल्याचं खोटं होतं गं. दुसऱ्या दिवशी दिले."

नंतर मी जिथं जिथं कार्ड दिलं होतं तिथं गेले की हळूच बघायला लागले. बऱ्याच ठिकाणी कार्ड नसतंच, गेलेलं असतं, जिथं जातं तिथं. काही ठिकाणी वरचं फूल निघून पोरीच्या प्रोजेक्टवर गेलेलं. एका घरी आतलं पानच तेवढं काढून, घडी घालून, साड्यांच्या खाली. त्यावर चार शब्द होते, त्यातले दोन चुकीचे. आतलं पान मी फक्त घडीपाशी चिकटवते ते यासाठीच, ओढलं की अख्खं निघतं.

माझ्या टेबलावर दोरीनं बांधलेलं एक निळं बॉलपेन असतं, बँकेत असतं तसं. तुम्ही ते उचललंत, टोपण काढलंत, परत लावलंत आणि म्हणालात, घरी जाऊन सावकाश लिहिते. दिवाळी होऊन आता किती महिने झाले. लिहिलंत का?