6 गिगाहर्ट्झचा वरचा भागही वायफायलाच द्या

घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहत असाल तर रात्री नऊच्या सुमारास मोबाईलवर वायफाय ॲनालायझर उघडून बघा. वरचे, खालचे, शेजारचे सगळे राउटर 1, 6 आणि 11 या चॅनलवर गर्दी करून बसलेले दिसतील, कारण 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न धडकणारे चॅनल तेवढेच. मग प्लॅन कितीही महागाचा घ्या, व्हिडिओ कॉल अडकतोच.

तरी हा पट्टा सरकारने 2005 मध्ये लायसन्समुक्त केला म्हणून तर आपण दुकानातून राउटर आणतो, प्लग लावतो आणि कोणाची परवानगी लागत नाही. 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमध्येही बरीच जागा मोकळी झाली. स्पेक्ट्रमबाबतचे, म्हणजे रेडिओ लहरींच्या वाटपाबाबतचे, हे सगळ्यात चांगले निर्णय असं माझं ठाम मत आहे, पण गाजतात ते लिलाव. 2022 ला 5जीच्या लिलावात दीड लाख कोटींची बोली लागली, ते हेडलाईनला आलं. लिलाव नको असं नाही, 2012 ला सुप्रीम कोर्टाने मोबाईल कंपन्यांची 122 लायसन्स रद्द केली तेव्हा मनमानी वाटपाचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण ह्याच कोर्टाने 1995 मध्ये एअरवेव्ह्ज (याच रेडिओ लहरी) ही जनतेची मालमत्ता आहे असंही सांगितलं होतं ना, मग थोडी जनतेला थेट वापरायलाही ठेवा की.

आता मुद्दा 6 गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने एप्रिल 2020 मध्ये 5925 ते 7125 मेगाहर्ट्झ हा अख्खा 1200 मेगाहर्ट्झचा पट्टा वायफायला दिला, आपल्याकडे ड्राफ्ट नियम आले मे 2025 मध्ये, तेही खालच्या 500 मेगाहर्ट्झपुरते आणि घरात कमी पॉवरवर, बाहेर तर त्याहूनही कमी. कमी पॉवरचं कारण पटतं, त्याच पट्ट्यात सॅटेलाईटचे अपलिंक, म्हणजे जमिनीवरून वर सॅटेलाईटकडे जाणारे सिग्नल, चालतात, त्यांना त्रास नको. उलट टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी ही फ्रिक्वेन्सी मस्तच, भिंतीतून फारशी जात नाही, म्हणजे शेजाऱ्याचा सिग्नल आपल्या हॉलमध्ये कमी घुसतो.

पण वरचा 6425 ते 7125 मेगाहर्ट्झचा भाग मोबाईल कंपन्यांना हवाय, आणि मला खरी काळजी त्याची आहे. वायफाय 7 या नव्या पिढीच्या वायफायचा 320 मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल खालच्या 500 मध्ये एकच बसतो, अख्ख्या 1200 मध्ये तीन. एका मजल्यावर चार फ्लॅट आणि चॅनल एक, म्हणजे ज्या फास्ट स्पीडसाठी लोक नवा राउटर घेणार तो पुन्हा वाटूनच घ्यायचा, तेव्हा वरच्या पट्ट्याचा लिलाव करायच्या आधी सरकारने घरातल्या वायफायचा विचार करायलाच हवा.