पाडव्याच्या शुभेच्छा आणि अडकलेल्या पावत्या

एका पतसंस्थेने नाव बदलले, नवे डोमेन घेतले आणि ठेवीदारांना जाणाऱ्या पावत्यांच्या ई-मेलची व्यवस्था माझ्याकडे सोपवली. नव्या डोमेनला जीमेलसारखी कोणतीच मेलसेवा ओळखत नसल्यामुळे पहिले काही आठवडे मोजकेच मेल, तेही हमखास उघडणाऱ्यांनाच पाठवायचे असतात. मी रोज ५० मेलपासून सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत १,२०० पर्यंत पोहोचलो.

तत्पूर्वी एक अख्खी संध्याकाळ डीकेआयएमने, म्हणजे प्रत्येक मेलवर उमटणाऱ्या डोमेनच्या डिजिटल सहीने, खाल्ली होती. ती सही पडताळणारी २०४८ बिटांची सार्वजनिक किल्ली २५५ अक्षरांच्या मर्यादेत मावत नाही, म्हणून डोमेनच्या टीएक्सटी नोंदीत (सर्वांना वाचता येणाऱ्या मजकुराच्या नोंदीत) तिचे दोन तुकडे स्वतंत्र अवतरणचिन्हांत लागोपाठ लिहावे लागतात. डोमेनच्या पॅनेलने त्यातला दुसरा तुकडा मुकाट्याने गिळला होता आणि वर ‘नोंद जतन झाली’ असा हिरवा संदेशही दाखवला होता. ते सापडल्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर आमच्याच डोमेनचा आहे का हे पाहणाऱ्या, तिन्ही तपासण्या उत्तीर्ण होऊ लागल्या, याचा मला अभिमान होता आणि खरे सांगायचे तर आजही आहे.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला पाहतो, तर पाठवायच्या रांगेत १८,००० मेल उभे होते. प्रसिद्धी विभागातील कोणीतरी कुठलीशी जुनी एक्सेल यादी चढवून सर्वांना शुभेच्छा धाडल्या होत्या. लॉगमध्ये ‘५५० ५.१.१’, म्हणजे असा पत्ताच अस्तित्वात नाही, या ओळी सरसर खाली जात होत्या. थोड्याच वेळात जीमेलकडून ‘४२१ ४.७.२८’ येऊ लागले, म्हणजे तुमच्याकडून नको असलेले मेल फार येत आहेत, तूर्त थांबा. त्याच रांगेत, त्या शुभेच्छांच्या मागे, मुदत ठेवींच्या पावत्या ताटकळत होत्या. मी रांग थांबवून व्यवस्थापकांना फोन केला.

“अहो, शुभेच्छाच तर होत्या, त्यात स्पॅम कसले?” ते म्हणाले. सणाच्या शुभेच्छा कोणाला नकोशा होतील, ही कल्पनाच आपल्याकडच्या कार्यालयांना सहन होत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे, म्हणजे हजारात तिघांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले तरी पुरे, हे मी त्यांना दोनदा सांगितले, पण पोस्टमास्टर टूल्समधले, म्हणजे मेल पाठवणाऱ्यांना तक्रारी दाखवणाऱ्या गुगलच्या साधनातले, आकडे उशिरा येत असल्याने त्या क्षणी दाखवायला हाताशी काहीच नव्हते.

मला मात्र वेगळेच सलते. या तपासण्या मेल कोणाचा आहे एवढेच सिद्ध करतात, तो हवासा आहे की नाही हे नव्हे. त्यामुळे स्पॅम ठरलेल्या प्रत्येक मेलवर संस्थेची अस्सल, मी जुळवलेली सही होती आणि सगळा दोष बिनचूक आमच्याच डोमेनच्या खात्यावर जमा झाला. जाहिरातींसाठी वेगळे उपडोमेन, म्हणजे मुख्य डोमेनखालचे स्वतंत्र नाव, करायचे काम ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत मीच मागे ठेवले होते आणि प्रसिद्धी विभागाला पाठवण्याचा अधिकारही मीच दिला होता.

आम्ही पुन्हा ५० वर आलो. त्याच आठवड्यात एक आजोबा पावती मिळाली नाही म्हणून मोबाईल घेऊन शाखेत आले, काउंटरवरच्या मुलीने ती स्पॅममधून शोधून काढली, त्यांच्याकडूनच ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबून घेतले आणि मला फोन करून विचारले, “सर, असे अजून किती जणांकडून करून घ्यायचे?”